टेनिसच्या कोर्टावर खळं

बने, तू आधी खाली बस आणि नुसतं ऐक. मधेमधे "मग गं? मग गं?" करायचं नाही. तू केडगावला मावशीकडं शिकायला गेलीस, तुला वाटत असेल कारखान्यावर काय मोठं घडणारे? भोंगा वाजला की उठायचं, भोंगा वाजला की जेवायचं. पण जे झालंय ना, ते ऐकून तुझं टाळकं फिरलं नाही तर माझं नाव बदल.

आपल्या लेबर लाइनीतली मनकर्णा आठवते ना? पुंजारामची थोरली. पुंजाराम म्हणजे गव्हाणीवर असतो बघ, जिथं गाडीतला ऊस मशीनच्या तोंडात ढकलतात तिथं. कायम नाही, सीझनपुरता. तर ही मनकर्णा दिसायला काटकी, पण रिंग खेळायला उतरली की समोरची पोरगी रडकुंडीला. ते रबराचं कडं दोरीवरनं असं खाली कापत टाकते ना, की झेलणारीचा हात हवेतच राहतो.

पण खेळायच्या कुठं ह्या पोरी? लाइनीमागं, जिथं उसाच्या गाड्या नंबर लावून उभ्या असतात तिथं. एका टोकाला बाभळ, दुसऱ्या टोकाला गाडीचं जू, मधे बाजेचं सुंभ बांधलेलं. गाडी पुढं सरकली की जाळी पण पुढं सरकली! वरनं मळीचा वास, पायात पाचट. अन् एक दिवस कडं गेलं घरंगळत गाडीखाली. मनकर्णाची धाकटी बहीण साळू घुसली आणायला, तेवढ्यात बैल हलले. चाक तिच्या परकरावरनं गेलं, बने. परकराचा तुकडा चाकाला, अन् साळू ह्या बाजूला उभी. एवढंच अंतर राहिलं होतं.

त्या दिवशी मनकर्णाच्या डोक्यात शिरलं, की बास.

आता कारखान्याचा क्लब तू पाहिलास. साहेब लोक आत पत्ते खेळतात, खिडक्यांना लढाईतल्या ब्लॅकआउटचे काळे कागद अजून तसेच चिकटलेले. त्याच्या मागं टेनिसचं कोर्ट. मोठे केमिस्टसाहेब अन् त्यांची बायको खेळायची, पांढरे कपडे घालून. ते गेले दुसऱ्या कारखान्यावर. तेव्हापासून कोर्टावर कोण? तर शेळ्या. गवत गुडघाभर, जाळीच्या खांबाला सरड्यांची बैठक. एवढं मोठं मैदान उन्हात आडवं पडलेलं अन् इकडं पोरी बैलांच्या पायात खेळतायत!

मनकर्णा गेली निमोणकरसाहेबाकडं. हा वेल्फेअर ऑफिसर. म्हणजे कामगारांचं भलं बघायला ठेवलेला माणूस. भलं! हसू नको, पुढं ऐक. क्लबचा सेक्रेटरी पण तोच.

ही म्हणाली, "सायेब, त्या कोर्टात रिंगची चार मैदानं बसत्यात. मी बघून आले. येकदम सोळा पोरी खेळतील."

तो आधी म्हणाला, "अगं, ते टेनिसचं आहे. ऑफिसर लोकांचं."

"कोन खेळतंय सायेब? शेळ्या ऑफिसर हायेत का?"

दारात छगन शिपाई उभा होता, त्यानं तोंड फिरवून खोकला काढला. निमोणकरांना पण जरा हसू आलं असावं. मग त्यांच्या डोक्यात चक्र फिरलं, मनकर्णाला समोर दिसलं ते फिरताना. कामगारांच्या बायकापोरींसाठी क्रीडा-योजना! एका कोर्टाची चार कोर्टं! संचालकांच्या मीटिंगला सांगायला काय झकास. म्हणाले, "कल्पना माझ्या मनात होतीच. पण जमीन उखडलीय. कमिटी त्यावर खर्च करायची नाही. तुमचं तुम्ही नीट करून घ्या आणि खेळा."

बने, हे वाक्य ध्यानात ठेव. *तुमचं तुम्ही नीट करा आणि खेळा.* छगनच्या देखत बोललाय तो.

आता टेनिसची जमीन कशी करतात हे लाइनीत कुणाच्या बापाला माहीत? मनकर्णाची आई भीमाबाई गेली बघायला. कमरेवर हात ठेवून उभी राहिली अन् म्हणाली, "आगं मने, हे तर खळं हाय! सपाट पायजे, घट्ट पायजे, भेग नको, खडा नको. मळणीचं खळं याच्यापरीस काय येगळं असतंय?"

झालं! तेवढ्यात कारखान्याची मिल बिघडली अन् ऊसतोडीच्या टोळ्या बसून राहिल्या. माणसं बसून, बैल बसून. टोळीतली राहीबाई, पाथर्डीकडची, भीमाबाईची मैत्रीण झालेली. ती म्हणाली, "आवं, आमचं बैल नुसतं कडबा खाऊन पडल्यात. घोडेगावच्या बाजारातलं हायेत, असं गरागरा फिरतील."

मग काय विचारतेस! बायकांनी गवत उपटलं, कुदळीनं जमीन उकरली, डोक्यावरनं मुरूम अन् चिकणमाती आणली, पाणी सोडलं. जाळीचा एक खांब उपटून बरोबर मधोमध रोवला. खळ्यात मधे तिवडा असतो ना, ज्याच्याभोवती बैल फिरतात, तसा. त्याला राहीबाईचे चार बैल जुंपले अन् टेनिसच्या कोर्टावर बैलांची पात सुरू! क्लबाच्या खिडकीतला काळा कागद कुणीतरी नखानं जरा सोलला, अन् त्या फटीतनं एक डोळा बघतोय. बैल हाकणारी आपल्या लाइनीतली मुक्ताबाई ओरडली, "सायेब, या की, येक बैल तुमी हाका!" डोळा गायब.

बैलांनी तुडवली, मग सगळ्या जणी ओळीनं बसून चोपण्यांनी चोपली, मग शेणकाला करून सारवली. मनकर्णाच्या तळहाताला फोड, गुडघे सोललेले. पण सारवण वाळलं तेव्हा, बने, संध्याकाळच्या उन्हात असं दिसत होतं की त्यावर भाकरी थापावी. भीमाबाईनं चारी कोपऱ्यांवर जोंधळ्याचे दाणे टाकले, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. खळ्याला करतात तसंच सगळं. तिच्या लेखी ते खळंच होतं. अन् खळ्यात पायताण घालून कोण जातं का? कुणीच नाही. पोरी काठावर चपला काढायच्या. ज्यांना होत्या त्या. बाकीच्यांना काढायला काही नव्हतंच.

उद्घाटनाला व्हाइस चेअरमन काकासाहेब आले. नेवाशाकडचे, धोतर, फेटा, घरी मोठी शेती. मागं निमोणकर अन् सगळे ऑफिसर, बुटांना पॉलिश. काकासाहेब काठाशी आले, खाली बघितलं अन् थबकले.

"आरं, हे तर खळं हाय की! कुनी केलं?"

"योजना क्लबची आहे, साहेब," निमोणकर म्हणाले.

"योजना आसंल. खळं कुनी केलं?"

भीमाबाई पदर तोंडाला लावून मागं सरकली. काकासाहेबांनी तिच्याकडं बघून मान डोलावली अन् वाकून पायातलं पायताण काढलं. झालं! मालकानं पायताण काढलं म्हटल्यावर ऑफिसर काय बूट घालून उभे राहतात? लागले सगळे वाकून नाड्या सोडायला. अन् निमोणकरांनी बूट काढला तर काय! मोजा फाटलेला, अंगठा पूर्ण बाहेर. नुसता बाहेर नाही, वर बघतोय!

मनकर्णानं ओठ दाबला, गाल चावला, पण जमलंच नाही. फिस्सकन हसली. ती हसली तशी तिच्या जोडीनं खेळणारी मालन हसली, मालन हसली तशी सगळी लाइन. काकासाहेब पण मिशीत हसले. "निमोनकर, अंगठ्याला बी खेळ बघायचाय वाटतं!"

निमोणकर हसले नाहीत.

मग पोरी खेळल्या. चारी मैदानांवर एकाच वेळी. काकासाहेब इतके खूष, की तिथल्या तिथं जाहीर केलं: फाल्गुनात ह्याच कोर्टावर कारखान्या-कारखान्यांच्या पोरींच्या रिंगच्या मॅची घ्यायच्या. टाळ्या! मनकर्णाला त्या रात्री झोप आली असेल का, सांग.

अन् त्याच आठवड्यात पाटी लागली.

पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं: *कॅनव्हासचे बूट घातल्याशिवाय कोर्टावर प्रवेश नाही. हुकमावरून.*

पोरी कडं हातात घेऊन उभ्या. साळूनं वाचून दाखवलं. कुणाला कळेचना. मालन म्हणाली, "आपल्यासाठी नसंल. आपन केलंय ना."

आपण केलंय ना! छगन आला अन् मान खाली घालून म्हणाला, "पोरीहो, जावा घरी. माझ्यावर नका आनू."

लाइनीत एका तरी पोरीकडं कॅनव्हासचे बूट आहेत का? प्रभातफेरीला पण आपण अनवाणी जायचो, आठवतंय ना, डांबर पोळायचं. मनकर्णा तडक ऑफिसात.

"सायेब, तुमी म्हनला हुता, तुमचं तुमी नीट करा आनि खेळा."

"खेळा की. कोण नाही म्हणतंय? नियम पाळा आणि खेळा."

"बूट न्हाईत आमच्याकडं."

"उघड्या पायांनी सरफेस खराब होतो." असं इंग्रजी तोंड करून म्हणाला, बने!

"आवं, ते उघड्या पायानीच केलंय! बैलांनी तुडवलंय! बैलाच्या पायानं न्हाई खराब झालं आन् माज्या पायानं व्हतंय?"

"आवाज खाली. क्लबला काही शिस्त असते. आज अनवाणी याल, उद्या खळं म्हणून कडबा वाळत घालाल."

मनकर्णा बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. सारखं मनात, की आपण हसलो म्हणून हे. एका अंगठ्याला हसले अन् सोळा पोरींचं मैदान गेलं. मी तिला म्हटलं, अगं, हसलीस तर हसलीस, मोजा फाटला तो काय तू फाडलास? पण तिच्या मनातनं जाईना.

तीन-चार दिवस बंगल्यातल्या पोरी आल्या, पांढरे बूट घालून. टाकलं कडं, पडलं, उचललं. मग ऊन लागतं म्हणून त्या पण बंद झाल्या. कोर्ट पुन्हा रिकामं. अन् खळ्याचं कसं असतं, बने, त्याला हात लावत राहावं लागतो. आठ-पंधरा दिवसांनी सारवलं नाही की ते रुसतं. बारीक बारीक भेगा पडायला लागल्या. मॅची तर तोंडावर आल्या.

मग छगन आला लाइनीत. "सायबांनी निरोप दिलाय. कोर्ट सारवायला या म्हनले समद्या जनी."

भीमाबाई चुलीपुढं बसली होती. फुंकणी खाली ठेवली, उठून दारात आली.

"छगन भाऊ, पाटी तूच लावली ना? वाच बरं काय ल्हिवलंय."

"वयनी, मला काय..."

"वाच की. बूट न्हाई तर यायचं न्हाई. आमच्याकडं न्हाईत बूट. सायबाला म्हनावं, बूट घालून सारवनारीन बघा येखादी."

अख्खी लाइन दारादारात उभी राहून हसली. मनकर्णाला आईला उचलून फिरवावंसं वाटलं. तेवढा एकच दिवस बरा गेला बघ.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम पाळीवरनं आला. भाकरी कुस्करत बसला. भीमाबाईनं तीनदा विचारलं तेव्हा म्हणाला, "निमोनकरसायेब गव्हानीवर आलते. म्हनले, पुंजाराम, फुडच्या सीझनला यायचंय ना?"

"मग?"

"मग काय न्हाई. एवढंच म्हनले. हसून म्हनले."

चूल विझत आली तरी कुणी उठलं नाही. मनकर्णा म्हणाली, "आय, तू जायचं न्हाई." भीमाबाईनं विस्तव राखेत झाकला. सकाळी उठली, शेणाची पाटी घेतली अन् गेली. मागनं मुक्ताबाई, मागनं बाकीच्या. सगळ्यांचे नवरे, लेक त्याच गव्हाणीवर नाहीतर वजनकाट्यावर. राहीबाई पण आली, टोळीतनं वेळ काढून.

मनकर्णा कुंपणाबाहेर उभी होती. वर पाटी: बुटाशिवाय प्रवेश नाही. अन् पाटीच्या बरोबर खाली तिची आई, गुडघ्यावर, अनवाणी, हातानं अर्धगोल काढत मागं मागं सरकतेय. निमोणकर व्हरांड्यात चहा पीत उभे. सारवायला पाय चालतात, बने! खेळायला चालत नाहीत! हे ऐकून तुझ्या डोक्यात काही होतंय का नाही? माझं तर अजून सांगताना होतं.

वर आणि, संध्याकाळी निमोणकरांनी छगनच्या हाती मनकर्णाला कॅनव्हासच्या बुटांचा नवा जोड पाठवला. एकटीला. मॅची एकेरी ठेवल्या होत्या, अन् कारखान्याकडनं हीच खेळणार. बाकीच्या पोरींचं "नंतर बघू." आई म्हणाली, "घे, मने. तुजं तरी व्हऊं दे." मालन बुटांकडं बघत होती ते मनकर्णानं पाहिलं.

मॅचीचा दिवस. मांडव, लाउडस्पीकर, काकासाहेब मधल्या खुर्चीवर. दोन दुसऱ्या कारखान्यांच्या पोरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं आलेल्या. अन् बने, आता ऐक. त्यातल्या निम्म्या अनवाणी! उतरल्या अन् गेल्या सरळ कोर्टावर, पाटीखालनं. निमोणकर पुढं होऊन, हसून, "या, या." छगननं हळूच पाटीकडं बोट केलं तर म्हणाले, "पाहुण्यांचं वेगळं."

मनकर्णा सोडून आपल्या सगळ्या पोरी मात्र कोर्टाभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेर.

मनकर्णाचं नाव पुकारलं. बूट तिच्या हातात होते, नाड्यांना धरून लोंबत. ती पाटीजवळ आली, बूट पाटीच्या खुंटीला अडकवले अन् अनवाणी आत गेली.

"मनकर्णा! बूट!" निमोणकर धावत काठाशी.

"परवाच्याला माजी आय ह्याच पाटीखालनं अनवाणी गेली, सायेब. तवा पाटी झोपली हुती का?"

लाउडस्पीकरवाल्यानं माइक चालूच ठेवला होता, सगळ्या मांडवानं ऐकलं.

"नियम सगळ्यांना सारखा!" निमोणकर लाल झाले.

मनकर्णानं समोरच्या पोरीकडं बघितलं. तिचे पाय पण उघडे, बोटं आत घेऊन उभी बिचारी. मनकर्णा तिला म्हणाली, "तुजं काय न्हाई गं. तू उभी ऱ्हा." अन् स्वतः कोर्टाच्या मधोमध, जिथं तिवडा रोवला होता ना, बरोबर तिथं मांडी घालून बसली. खेळ बंद.

कुजबुज, मग गलका. पुंजाराम मांडवाच्या कडेला उभा, दोन्ही हात जोडून पोरीला खुणावतोय, ऊठ, माय, ऊठ. शेवटी काकासाहेब स्वतः आले. पायताण काढूनच आले हं, एवढं म्हणते. तिच्याजवळ वाकले. आवाज गोड.

"पोरी, तू आशीच खेळ. अनवाणी. माजी परवानगी हाय. बास?"

"आन् ह्या?" तिनं दोरीकडं मान केली.

"त्यांचं नंतर बघू. मीटिंगला घेतो इषय. पावनं खोळंबल्यात, कारखान्याचं नाव जातंय. ऊठ, शाना बाळ हाय माजं."

मनकर्णानं मालनकडं बघितलं, साळूकडं बघितलं. बापाकडं बघायचं तिनं टाळलं.

"काकासायेब, पाटी काडायला खुर्ची बी लागत न्हाई. छगनभाऊचा हात पोचतोय. त्यांचं आत्ताच बघा, मी लगीच उठते."

काकासाहेब सरळ झाले. पाटीकडं बघितलं. एक शब्द, बने, एक शब्द पुरे होता! पण सगळ्यांसमोर एका पोरीच्या म्हणण्यावर पाटी उतरवायची? ते वळले अन् पायताण घालून मोटारीकडं चालायला लागले.

पाहुण्या पोरींच्या मॅची शाळेच्या मैदानात झाल्या, धुळीत. कारखान्याचं नाव लावायला कुणीच नव्हतं. मनकर्णा बसूनच होती. मग साळू दोरीखालनं आत घुसली अन् तिच्याशेजारी बसली, मग मालन, मग एकेक करून सगळ्या, ऊन उतरेपर्यंत.

अन् आता लाइनीत काय बोलतात माहितीये? निमोणकरांना कुणी काही म्हणत नाही. सगळे हिलाच. पोरगी लई शेफारली, कारखान्याचं नाक कापलं, एवढे काकासाहेब वाकले तरी उठली नाही, बापाच्या पोटावर पाय दिला. मुक्ताबाई, जी बैल हाकताना सगळ्यांत पुढं होती, ती पण म्हणते, "उटायचं हुतं गं. तू तर खेळली आस्ती." पुंजाराम बोलत नाही तिच्याशी. सीझन संपत आलाय, पुढच्याला बोलावतात की नाही ते कुणाला माहीत. भीमाबाई तेवढी रोज तिच्या वेणीला तेल लावते.

पोरी आता टोळीच्या तळावर खेळतात, राहीबाईच्या पाचटाच्या कोपीपुढं. तिनं जागा झाडून दिली. पण टोळ्या चालल्या गावाकडं, कोप्या मोडल्या की तिथं नांगर फिरणार.

अन् कोर्ट? सारवत कुणी नाही. हात-हात भेगा पडल्यात, शेळ्या परत आल्यात. पाटी तशीच. शेळ्यांना कुणी बूट विचारत नाही.

परवा मनकर्णानं मलाच विचारलं, "खरंच चुकलं का गं माजं?"  म्हणून तुला विचारते, खरं सांग हं, तोंडदेखलं नको: समोर काकासाहेब वाकलेत, कडेला बाप हात जोडून उभा, दोरीबाहेर आपल्या सगळ्या पोरी, अन् तुला एकटीला खेळायला मोकळीक. तू असतीस तर काय केलं असतंस?